रोहित्राचें तेल आणि सरासरीचा हिशेब

गेल्या पौषांत आमच्या शिवारांतील रोहित्र, म्हणजे ज्यास आपण नित्याच्या बोलण्यांत ‘डी. पी.’ म्हणतों तें, जळालें. गहूं ओंबीवर होता, हरभऱ्यास घाटे धरत होते, विहिरींत पाणी होतें. तें वर काढणारी वीज मात्र नव्हती. सोळा दिवसांनीं दुरुस्त केलेलें रोहित्र आलें. त्याजबरोबर तेलाच्या परीक्षेचा एक कागद होता. त्यांत ‘भंजनदाब ४६ किलोव्होल्ट, तेल उत्तम’ एवढेंच लिहिलेलें होतें. तें वाचून सर्वांचें समाधान झालें. एकोणिसाव्या दिवशीं तें रोहित्र पुन्हां जळालें, आणि ज्यांचा गहूं शेवटच्या पाळीची वाट पाहत होता त्यांच्या घरीं अर्धें पीकही आलें नाहीं.

तें तेलामुळेंच जळालें असें मी म्हणत नाहीं. जादा भार, सैल जोड, आकाशांतील विजेचा आघात, गुंडाळीचा दोष अशीं अनेक कारणें असूं शकतात, व या खेपेस खरें कारण कोणतें याची चौकशी झालीच नाहीं. परंतु प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलेलें असल्यामुळें, कागदावर एकटा आकडा दिसला कीं तो किती आकड्यांचा मिळून झाला आहे, असें विचारण्याची खोड त्यास जडलेली आहे. तो प्रश्न मीं विचारला; उत्तर कोणासच देतां आलें नाहीं. मग त्या विषयाचें जें थोडेंबहुत वाचन केलें त्याचा सारांश आपल्या शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहे. यांत गणित आहे, पण तें बेरीज, वजाबाकी व गुणाकार-भागाकार यांपलीकडे फारसें जात नाहीं.

भंजनदाब म्हणजे काय?

ज्या पदार्थांतून वीज सहसा वाहत नाहीं त्यास निरोधक म्हणतात. हवा, रबर, चिनी माती, कागद, वार्निश आणि रोहित्रांतील खनिज तेल हे सर्व निरोधक होत. परंतु निरोधकाची सहनशक्ति अमर्याद नसते. विजेचा दाब वाढवीत नेला असतां एक वेळ अशी येते कीं त्या पदार्थांतून एकाएकीं ठिणगी आरपार जाते व निरोधन मोडतें. ज्या दाबास हें घडतें तो त्याचा भंजनदाब.

आपल्या खेड्यांतील रोहित्रांत एका बाजूस ११ किलोव्होल्ट, म्हणजे अकरा हजार व्होल्ट दाबाची वीज येते व दुसऱ्या बाजूनें ती सुमारें ४३३ व्होल्टांची होऊन आपल्या पंपांकडे जाते. मधलें तेल दोन कामें करतें: गुंडाळ्या थंड ठेवणें हें एक, आणि निरोधन राखणें हें दुसरें. कोरडें व निर्मळ तेल या कामांत मोठें समर्थ असतें. पण त्यांत दमट हवेंतील पाणी शिरलें, आणि सोबत कागदाचे किंवा कापसाचे सूक्ष्म तंतु असले, कीं त्याचें सामर्थ्य झपाट्यानें उतरतें. पाणी प्यालेले तंतु विजेच्या ओढीनें एका रांगेंत उभे राहतात व दोन टोकांमध्यें जणूं साकव घालतात. त्या साकवावरून ठिणगी पार होते.

परीक्षेची आंतरराष्ट्रीय रीत अशी आहे. एका पात्रांत तेल घेऊन त्यांत दोन धातूचे गोल एकमेकांपासून २.५ मिलिमीटरवर ठेवतात. तेल ओतल्यावर, त्यांतील बुडबुडे निघून जावे म्हणून, कांहीं मिनिटें थांबतात. मग दर सेकंदास २ किलोव्होल्ट या गतीनें दाब चढवितात व ठिणगी पडते तो आकडा टिपतात. नंतर दोन मिनिटें विसांवा देऊन पुन्हां तेंच करतात. अशीं सहा वाचनें घेऊन त्यांची सरासरी हा त्या तेलाचा भंजनदाब धरावयाचा. वापरांतील तेलासंबंधीं सर्वसाधारण नियम असा आहे कीं, ७२.५ किलोव्होल्टपर्यंतच्या रोहित्रांत सरासरी ४० च्या वर असल्यास तेल चांगलें, ३० ते ४० असल्यास मध्यम व ३० च्या खालीं असल्यास वाईट समजावें.

येथें वाचक विचारील कीं, तेल एकच, पात्र एकच, अंतर एकच, मग सहा वेळां मोजावयाचें कशाला?

एका वाफ्यावरून शिवाराचा अंदाज

या प्रश्नाचें उत्तर शेतकऱ्यास शिकवावयास नको. एकाच शेतांत, एकाच बियाण्यानें, एकाच दिवशीं पेरलेल्या ज्वारीचीं सर्व कणसें एका वजनाचीं येतात काय? आणेवारी, म्हणजे हल्लींची पैसेवारी, ठरवितांना बांधालगतच्या एका भरदार वाफ्याकडे बोट दाखवून कोणी सबंध गांवचें पीक सोळा आणे म्हणूं लागला तर आपण त्यास थांबवितों. पीककापणीच्या प्रयोगांत तुकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें निवडावे, हा नियम याकरितांच आहे. या शास्त्रास आपल्या देशांत ज्यांनीं आकार दिला त्यांत सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचें नांव अग्रभागीं आहे. कापणीचा तुकडा फार लहान घेतल्यास उत्पन्नाचा अंदाज वाजवीपेक्षां जास्त येतो, हें त्यांनीं १९४६ च्या सुमारास दाखवून दिलें. कारण कडेवरचीं झाडें आंत धरावीं कीं बाहेर यांत हात नेहमीं आंतच झुकतो. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

तेलाचेंही तसेंच. प्रत्येक वेळीं गोलांच्या मधल्या जागेंत कोणता तंतु, कोणता जलकण, कोणता बुडबुडा येईल तें दैवाधीन असतें. म्हणून वाचनें वरखालीं होतात, व ती अपरीक्षा नसून पदार्थाचाच स्वभाव होय.

सहा वाचनांचा हिशेब

समजा, एका तेलाचीं सहा वाचनें पुढीलप्रमाणें आलीं (हे आकडे केवळ हिशेब शिकण्याकरितां घेतले आहेत): ४६, ३८, २९, ४२, ५१, ४०. बेरीज २४६, सहांनीं भागतां सरासरी ४१ किलोव्होल्ट. नियमाप्रमाणें तेल ‘चांगलें’ ठरलें. पण दप्तर येथें मिटूं नये.

आतां प्रत्येक वाचन सरासरीहून किती दूर आहे तें पहा: ५ वर, ३ खालीं, १२ खालीं, १ वर, १० वर, १ खालीं. या अंतरांचे वर्ग २५, ९, १४४, १, १०० व १, बेरीज २८०. वाचनांच्या संख्येंतून एक वजा करून, म्हणजे ५ नीं भागतां ५६. त्याचें वर्गमूळ सुमारें ७.५. यास प्रमाण विचलन म्हणतात. सरासरीशीं त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें १८ पडतें.

विचलनास वाचनांच्या संख्येच्या वर्गमूळानें, म्हणजे २.४५ नें भागलें असतां ३.०५ येतात. ही सरासरीची स्वतःची प्रमाणचूक होय. वाचनें थोडीं असतां तीस किती पटीनें वाढवून धरावें याचें कोष्टक ‘स्टूडंट’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या गॉसेट या इंग्रज गृहस्थानें १९०८ सालीं दाखविलेल्या मार्गानें तयार झालेलें आहे. हा गृहस्थ डब्लिन येथील मद्याच्या कारखान्यांत नोकरीस असून जवाच्या पिकाच्या परीक्षांचा हिशेब करी. म्हणजे हें गणितही शेतीच्या कामांतच वाढलें. सहा वाचनांस तो गुणक २.५७ आहे. ३.०५ ला २.५७ नीं गुणितां ७.८ येतात. तेव्हां प्रामाणिकपणें एवढेंच म्हणतां येईल कीं, या तेलाची खरी सरासरी बहुतकरून ३३ ते ४९ यांच्या दरम्यान आहे. ‘चांगलें’ असा शिक्का मारलेलें तेल वस्तुतः ‘मध्यम’ही असूं शकेल!

आणि ज्यानें सहांऐवजीं एकच वाचन घेतलें त्याच्या कागदावर काय आलें असतें? पहिलें वाचन ४६. तिसरें हातीं लागतें तर २९. एक आकडा तेल उत्तम म्हणतो, दुसरा टाकून द्या म्हणतो. आणि दोन्ही एकाच बाटलींतले. आमच्या गांवच्या कागदावरील ४६ कोणत्या जातीचा होता हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. एका वाचनापासून विचलन निघत नाहीं. म्हणून त्याची चूक किती असेल हेंही तें सांगूं शकत नाहीं. एकटा आकडा खोटा असतो असें नव्हे, पण त्याची साक्ष तपासतां येत नाहीं.

साखळी आणि तिची कमजोर कडी

सरासरी कळली, फैलाव कळला. तरी मुख्य प्रश्न उरतोच. रोहित्र जळतें तें तेल सरासरीनें कमजोर आहे म्हणून नव्हे. जेथें सर्वांत कमजोर आहे तेथें तें फुटतें. मोटेचा सोल सरासरीनें कितीही बळकट असो, जेथें झिजला आहे तेथेंच तुटावयाचा.

हा विचार प्रथम सुतावरून रूढ झाला. मँचेस्टर येथील कापूस-संशोधन संस्थेंतील एफ. टी. पीअर्स यांनीं १९२६ सालीं सुताच्या ताणाची परीक्षा करून दाखविलें कीं, लांब धागा आंखूड धाग्यापेक्षां कमी ताणास तुटतो. कारण लांबी वाढली कीं त्यांत एखादी फार कमजोर जागा सांपडण्याचा संभव वाढतो. पुढें वालोदी वायबुल या स्वीडिश अभियंत्यानें १९३९ सालीं पदार्थांच्या बळकटीचा संख्याशास्त्रीय सिद्धांत मांडला, व १९५१ सालीं आपलें सूत्र किती प्रकारच्या वस्तूंस लागूं पडतें हें दाखविण्याकरितां उदाहरणें दिलीं. त्यांत पोलादाच्या बरोबर हिंदी कापसाच्या तंतूंची बळकटी व घेवड्याच्या दाण्यांची रुंदी हींही होतीं, हें वाचून आपणांस कौतुक वाटेल. आज निरोधकांच्या भंजनदाबाचा अंदाज करण्यास हेंच सूत्र जगभर वापरतात.

त्याचा व्यवहारी उपयोग असा. वाचनें चढत्या क्रमानें लावावीं: २९, ३८, ४०, ४२, ४६, ५१. प्रत्येकाच्या क्रमांकांतून ०.३ वजा करून त्यास, एकूण संख्येंत ०.४ मिळवून आलेल्या आंकड्यानें, भागावें. पहिल्यास ०.७ भागिले ६.४, म्हणजे शेंकडा ११. दुसऱ्यास शेंकडा २७. मग ४२, ५८, ७३ व ८९. याचा अर्थ, २९ किलोव्होल्टपर्यंत शेंकडा सुमारें ११ परीक्षांत तेल फुटेल असा अंदाज. या जोड्या त्याच कामाकरितां आंखलेल्या वायबुल-कागदावर ठिपक्यांनीं मांडल्या असतां त्या साधारण सरळ रेषेंत पडतात. त्या रेषेवरून दोन संख्या मिळतात. पहिली ‘परिमाण’, म्हणजे ज्या दाबाच्या आंत शेंकडा ६३ परीक्षांत भंजन होतें तो दाब. वरील उदाहरणांत तो सुमारें ४४ येतो. दुसरी ‘आकार’, ती जितकी मोठी तितकीं वाचनें एकमेकांजवळ व तेल भरंवशाचें. येथें ती सुमारें ५.४ येते.

या दोन संख्या हातीं आल्या म्हणजे सरासरी जें सांगत नाहीं तें विचारतां येतें. शंभरांत एकदां हें तेल कोणत्या दाबास फुटेल? हिशेब केला असतां उत्तर येतें सुमारें १९ किलोव्होल्ट. सरासरी ४१, आणि शेंकडा एकाचा भंजनदाब १९! रोहित्र वर्षानुवर्षें, रात्रंदिवस उभें असतें. त्यास शंभरावी वेळ येणारच. सहाच वाचनांवरून इतक्या टोकाचा अंदाज ढोबळच असतो, हेंही विसरूं नये. तो बळकट करावयाचा तर वाचनें वाढवावीं लागतात.

दुसरी गोष्ट आकारमानाची. साखळी लांबली तर कमजोर कडी सांपडण्याचा संभव वाढतो. वरील तेलाच्या दसपट तेलावर तसाच ताण पडला, तर शेंकडा ६३ चा दाब ४४ वरून सुमारें २९ वर येतो. सुखात्म्यांचा लहान तुकडा पिकाचा अंदाज फुगवितो, तसेंच परीक्षेचें लहान पात्रही तेलाचें सामर्थ्य फुगवून दाखवितें. कारणें निराळीं आहेत: तेथें बांधाकडेचीं झाडें आंत येतात, येथें वाईट कण बाहेर राहतात. शिकवण मात्र एक: लहानावरून मोठ्याचा निवाडा करतांना हात आंखडता ठेवावा.

म्हणून पात्रांतील ४१ म्हणजे रोहित्र ४१ किलोव्होल्ट सहन करील, असा अर्थ कोणीं करूं नये. रोहित्रांतील अंतरें व ताण निराळे असतात. पात्राची परीक्षा तेलांत पाणी व घाण शिरली आहे काय, हें सांगण्यापुरती आहे.

जें एकदांच मोडतें त्याची परीक्षा

तेल व हवा यांचा एक मोठा गुण असा कीं, ठिणगी विझली कीं तीं पुन्हां सांधतात. म्हणून एकाच नमुन्यावर वारंवार वाचन घेतां येतें. अशा पदार्थांकरितां चढ-उतार नांवाची रीतही आहे. तिचा हिशेब डिक्सन व मूड यांनीं १९४८ सालीं मांडला. दाबाचा एक झटका द्यावा. फुटलें तर पुढचा झटका एक पायरी खालीं, टिकलें तर एक पायरी वर. असें करीत गेलें कीं वाचनें आपोआप त्या दाबाभोंवतीं घोटाळूं लागतात, जेथें फुटणें व टिकणें यांचा संभव निम्मा-निम्मा असतो.

पण आपल्या पंपाच्या मोटारींतील तारेवरचें वार्निश किंवा कागद एकदां भेदला कीं गेलाच. तेथें एका तुकड्याचें एकच वाचन. फैलाव काढावयाचा तर अनेक तुकडे मोडावे लागतात. म्हणून तयार मोटार मोडीपर्यंत न नेतां ठराविक दाब एक मिनिट सोसते कीं नाहीं, एवढेंच पाहतात. नव्या मोटारीस हा दाब तिच्या दाबाच्या दुप्पट अधिक एक हजार व्होल्ट असतो. ४१५ व्होल्टांच्या मोटारीस १,८३० व्होल्ट. ती उत्तीर्ण झाली म्हणजे ‘आज या दाबास मोडली नाहीं’ एवढेंच सिद्ध होतें. किती शिल्लक होती तें कळत नाहीं.

आपण काय करावें?

प्रथम एक इशारा. रोहित्राचें झांकण, तोटी अथवा तारा यांस शेतकऱ्यानें स्वतः हात लावूं नये. अकरा हजार व्होल्टांस क्षमा ठाऊक नाहीं. नमुना काढणें हें वीज कंपनीच्या माणसाचें काम. तें नीट होतें कीं नाहीं हें दुरून पाहणें मात्र आपलें काम आहे.

(१) तेलाच्या दाखल्यावर एकच आकडा असेल तर सहाही वाचनें मागावीं. तीं कागदावर लिहिण्यास कांहीं जास्त खर्च लागत नाहीं.

(२) सरासरीइतकेंच सर्वांत लहान वाचनाकडे व फैलावाकडे लक्ष द्यावें. सरासरी ४१ असून वाचनें ३९ ते ४३ यांत असलेलें तेल आणि २९ ते ५१ पर्यंत हेलकावणारें तेल हीं एका मोलाचीं नव्हत.

(३) सरासरी ४० च्या आसपास असेल तर दुसऱ्या नमुन्यावर पुन्हां परीक्षा करण्याचा आग्रह धरावा. बारा वाचनांच्या सरासरीची चूक सहांच्या सरासरीपेक्षां बरीच कमी असते.

(४) नमुना कोरड्या दिवशीं, कोरड्या व स्वच्छ बाटलींत, तळच्या तोटींतून, आधीं थोडें तेल वाहूं देऊन घेतला जावा. पाणी तेलाहून जड. तें तळीं बसतें.

(५) ज्या रोहित्रास हवा कोरडी करणाऱ्या दाण्यांची कुपी असते, त्या कुपीकडे कुंपणाबाहेरून नजर टाकावी. निळे दाणे गुलाबी झाले असतील तर ते ओलावा प्यालेले आहेत; तशी लेखी वर्दी द्यावी व पोंच घ्यावी. कांहीं कुप्यांत दाण्यांचे रंग निराळे असतात, तरी रंग बदलला हीच खूण.

(६) प्रत्येक दाखल्याची नक्कल गांवीं एका वहींत तारखेवार लावावी. एका वर्षाची परीक्षा एक वाचन होय. पांच वर्षांच्या वहीवरून तेल कोणत्या दिशेनें चाललें आहे हें कळतें.

आमच्या गांवीं आतां अशी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर तो जुना कागद चिकटविला आहे. गेलेला गहूं त्यानें परत येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु वैशाखांत तेल पुन्हां तपासलें गेलें तेव्हां आमच्यांतील एका तरुण शेतकऱ्यानें कुंपणाबाहेर उभें राहून, ‘साहेब, सहाही आकडे लिहून द्या,’ असें नम्रपणें म्हटलें, आणि ते मिळाले. पैसेवारीच्या वेळीं जो शेतकरी एका वाफ्यावर समाधान मानीत नाहीं, त्यानें तेलाच्या एका आकड्यावर तरी कां मानावें?